धान आपला, कोंडा कुणाचा?

(नागरा, जि. गोंदिया येथे महिला बचत गटांच्या सभासद आणि मंडळ्यांतील हितचिंतक यांच्या एकत्रित सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



नागरा म्हटले की बाहेरच्या माणसाला इथले प्राचीन शिवमंदिर आठवते. मला आणखी एक गोष्ट आठवते, ती म्हणजे गोंदिया-बालाघाट रस्त्यावरची ट्रकची रांग. हंगामात या रस्त्याने धानाचे भरलेले ट्रक जातात, तांदळाचे जातात, आणि त्यांच्या मागे फुगलेल्या पोत्यांचे हलके ट्रकही जातात. त्या हलक्या पोत्यांत कोंडा असतो. आज मी त्या कोंड्याविषयी बोलणार आहे.

आपल्यापैकी पुष्कळ जण नाताळाच्या किंवा कापणीच्या सणाच्या वेळी आदिवासी कुटुंबाला बकरी देण्यासाठी दान पाठवतात. त्यांचा मला नेहमी एकच प्रश्न असतो, "एका बकरीला किती पैसे लागतात?" प्रश्न चांगल्या मनाचा आहे. पण बकरी घरी पोचली की दुसऱ्या दिवसापासून एक वेगळा प्रश्न उभा राहतो, आणि तो मला एका गोंड भगिनीने आमच्या गटाच्या बैठकीत विचारला होता. पशुखाद्याचे पोते आणण्यासाठी वर्गणी किती काढायची याची चर्चा चालली होती. ती म्हणाली, "भाऊ, धान आमचा, अन् कोंडा इकत काहून घ्याचा?"

तिच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. ते गिरणीतून जाते, सरकारी खरेदी केंद्रातून जाते, अकोल्याच्या बाजारातून जाते, परदेशी बंदरांपर्यंत जाते. म्हणून आज थोडा वेळ घेऊन ते उत्तर आपल्यापुढे मांडतो.

आधी १०० किलो धानाचे काय होते ते पाहू. गिरणीत धान भरडला की साधारण २० ते २२ किलो टरफल म्हणजे भुसा निघतो. तो जनावराला घालण्याच्या कामाचा नाही, त्यात वाळूसारखा सिलिका फार असतो. तो बॉयलरला आणि वीटभट्टीला जातो. मग ६७ ते ७० किलोंपर्यंत तांदूळ निघतो, त्यातच तुटलेला तांदूळ म्हणजे आपली कनकी असते. आणि ५ ते ८ किलो कोंडा निघतो. हा कोंडा म्हणजे तांदळाच्या दाण्यावरचा तपकिरी पापुद्रा आणि कोंब. त्यात १२ ते १४ टक्के प्रथिने असतात आणि १५ ते २० टक्के तेल असते. म्हणजे दाण्यातला सगळ्यात पौष्टिक भाग पॉलिश करताना निघून कोंड्यात जातो.

आपल्या आज्या उखळात किंवा ढेकीवर धान कांडत. त्या वेळी कोंडा अंगणातच राहायचा. कनकी कोंबड्यांना, कोंडा गाईला आणि बकरीला, तणीस गोठ्यात. घरात पशुखाद्याचा वेगळा खर्च असा नव्हता. मी काही त्या दिवसांची आरती ओवाळायला उभा नाही. ढेकीवर कांडून बायांचे खांदे आणि कंबर जायची, ते दिवस परत यावेत असे कोणालाच वाटणार नाही. पण खाद्य घरातून केव्हा गेले, हे समजण्यासाठी ते सांगावे लागते.

आज काय होते? दिवाळीनंतर धान निघतो. आदिवासी तालुक्यांत आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर आणि इतर भागांत मार्केटिंग फेडरेशनच्या केंद्रावर तो हमीभावाने विकला जातो. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. महामंडळाची स्थापना १९७२ ची. त्याआधी सावकार आणि व्यापारी आदिवासी माणसाचा माल कोणत्या मापाने घेत होते हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. म्हणून केंद्रावर धान विकणे चांगलेच, आणि मी कोणालाही तिथे जाऊ नका असे सांगणार नाही.

पुढे हा धान भरडाईसाठी गिरणीला दिला जातो. नियम असा की कच्च्या तांदळासाठी १०० किलो धानामागे गिरणीने ६७ किलो तांदूळ सरकारकडे जमा करायचा. भरडाईचा दर क्विंटलला थोडाच ठेवलेला असतो, कारण कोंडा, भुसा आणि इतर दुय्यम माल गिरणीकडेच राहतो, आणि त्याची किंमत त्या दरात हिशेबात धरलेली असते. यात कोणी चोरी केली असे नाही. गिरणीवाल्याचा धंदा मोठ्या भागाने या दुय्यम मालावरच चालतो. पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर धानाचे पोते केंद्राच्या काट्यावर चढते त्या क्षणी गाईचे आणि बकरीचे खाद्यही त्याच पोत्यात बसून गाव सोडून जाते.

त्याच घराला मग रेशनचे धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे, आणि गरिबाच्या घरी त्याची किंमत काय असते हे मला सांगायला नको. पण रेशन दुकानातून पॉलिश केलेला तांदूळ येतो. त्याच्याबरोबर कोंडा येत नाही. माणसांच्या ताटाची सोय होते, गव्हाणीची होत नाही.

गिरणीतून निघालेला कोंडा कुठे जातो? बराचसा सॉल्व्हंट प्लांटला जातो. तिथे त्याचे तेल काढतात, तेच राईस ब्रान तेल आपण किराणा दुकानात पाहतो. तेल काढून उरलेला कोंडा, ज्याला बाजारात डीओआरबी म्हणतात, पशुखाद्याच्या कारखान्यांना जातो. कनकी कोंबडीखाद्याला जाते, दारूच्या भट्ट्यांना जाते आणि आता इथेनॉलच्या कारखान्यांनाही जाते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने तुटलेला तांदूळ आणि खराब धान्य इथेनॉलसाठी वापरायला मोकळीक दिली. म्हणजे आपल्या कोंबडीच्या दाण्यावर आता मोटारगाडीचाही हक्क आहे.

म्हणूनच पशुखाद्याच्या पोत्याचा भाव आपल्या गावात ठरत नाही. गेल्या काही वर्षांतल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली २०२१ ची. त्या वर्षी उन्हाळा-पावसाळ्यात सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेला. सोयाबीनची ढेप हा कोंबडीखाद्याचा मुख्य प्रथिनांचा घटक. कुक्कुटपालकांनी आरडाओरड केली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची ढेप आयात करायला परवानगी दिली.

दुसरी २०२२ ची. युक्रेनमध्ये युद्ध पेटले, जगात धान्य महागले आणि परदेशी लोक आपली कनकी जनावरांच्या खाद्यासाठी उचलू लागले. सरकारनेच तेव्हा सांगितले की कनकीचा भाव किलोला १६ रुपयांवरून २२ रुपयांपर्यंत चढला. सप्टेंबर २०२२ मध्ये कनकीच्या निर्यातीवर बंदी आली. ती मार्च २०२५ मध्ये उठली. कीवजवळ रणगाडे फिरत होते आणि देवरीच्या जंगलातल्या बाईच्या कोंबडीचा दाणा महागत होता. दोन्हींचा संबंध आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते.

तिसरी २०२३ ची. दूध महागले, त्यामागे पशुखाद्याची महागाई आहे असे दिसले आणि जुलै २०२३ मध्ये तेल काढलेल्या कोंड्याच्या निर्यातीवर बंदी आली. पुढे तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. ज्या कोंड्याला आपण टाकाऊ समजतो त्यासाठी दिल्लीत अधिसूचना निघते, हे लक्षात घ्या.

चौथी मक्याची. २०२३ च्या डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले आणि कारखाने मक्याकडे वळले. मका हा खाद्याचा कणा आहे. २०२४ मध्ये, एरवी मका निर्यात करणारा आपला देश मका आयात करू लागला. मग इथेनॉल काढून उरलेला चोथा, ज्याला डीडीजीएस म्हणतात, तो स्वस्तात खाद्याच्या बाजारात आला आणि सोयाबीनच्या ढेपेची मागणी पडली. त्याच वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्याला बाजारात त्याहून कमी भाव मिळाला.

ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम सांगतो. आपल्या मनात येईल की ढेप स्वस्त झाली तर आपल्या बकरीवालीचे भलेच झाले. पण ती स्वस्ताई लातूर-वाशिमच्या दुसऱ्या कोणाच्या घरच्या नुकसानीतून येऊ शकते. म्हणून नुसते "खाद्य स्वस्त करा" अशी मागणी करून आपले काम संपत नाही. आपल्या हातात काय ठेवता येईल, हे आपल्याला बघायचे आहे.

आपल्या विदर्भात सगळ्यात चालणारी ढेप सरकीची. तिचा भाव अकोल्याच्या बाजाराकडे पाहून ठरतो. एनसीडीईएक्स या वायदे बाजारात सरकी ढेपेचा जो सौदा होतो, त्याचे मूळ केंद्रच अकोला आहे. मुंबईत संगणकासमोर बसलेला माणूस ती ढेप विकतो आणि घेतो, त्याने ती कधी हातातही घेतलेली नसते. आपला गावातला दुकानदार तो भाव मोबाईलवर पाहतो आणि मग पोत्याची किंमत सांगतो. त्याच्यावर रागावून उपयोग नाही.

आता हे सगळे एका घरात आणून पाहू. आदिवासी घरात बकरी म्हणजे बँकेतली ठेव आहे. आजारपण आले, मुलाची आश्रमशाळेतून पुढची फी आली, लग्न निघाले की बकरी विकली जाते. उन्हाळ्यात ती जंगलात झाडपाला, शेंगा, पडलेली मोहफुले यांवर निभावते. खरा कस लागतो जुलै ते सप्टेंबर. पाऊस लागून राहतो, बकरी भिजली की आजारी पडते, म्हणून ती घरात बांधलेली असते. बांधीत रोवणी चालू असते, त्यामुळे पाला तोडून आणायला घरात कोणी मोकळे नसते. तणीस उरलेली असते, पण तणशीत प्रथिने अगदी कमी, तीन-चार टक्के. आणि घरातला पैसा बियाणे, खत आणि रोवणीच्या मजुरीत गेलेला असतो. नेमक्या त्या तीन महिन्यांत बकरी खंगते, गाभण असेल तर पिल्लू कमजोर होते, आणि अडलेल्या घराकडून ती अर्ध्या किमतीत विकली जाते. दान देणाऱ्याने दिलेली बकरी अशा वेळी टिकते की जाते, हे खाद्यावर ठरते.

आता हिशेब करू. एका घरी चार बकऱ्या आहेत असे समजा. प्रत्येकीला रोज १५० ग्रॅम खुराक, ९० दिवस. चार बकऱ्यांना मिळून ५४ किलो खुराक लागेल. खुराक बनवण्याचे साधे प्रमाण असे: १०० किलोत ३५ किलो कनकी किंवा भरडलेला मका, ३० किलो ढेप, ३२ किलो कोंडा किंवा तुरीची चुनी, २ किलो खनिज मिश्रण आणि १ किलो मीठ. सरकीची ढेप घेतली तर यात साधारण १३-१४ टक्के प्रथिने बसतात. पाल्याबरोबर आणि कुटाराबरोबर बकरीला ते पुरते. दुभत्या गाईला याहून जास्त ढेप लागते.

या प्रमाणाने ५४ किलोत काय काय येते? सुमारे १९ किलो कनकी, १६ किलो ढेप, १७ किलो कोंडा, एक किलोभर खनिज मिश्रण आणि अर्धा किलो मीठ. म्हणजे ५४ पैकी ३६ किलो माल असा आहे जो धानातूनच निघतो. बाजारातून खरोखर आणावी लागते ती १६ किलो ढेप आणि किलोभर खनिज मिश्रण.

मग तो ३६ किलो माल घरात कसा ठेवायचा? सगळ्यात सोपा विचार येतो की डिसेंबरात धान भरडताना कोंडा साठवून ठेवावा. तो चालत नाही. कोंड्यात तेल असते, आणि धान भरडला की त्यातले पाचक द्रव्य लगेच त्या तेलावर काम करू लागते. थोड्याच दिवसांत कोंडा खवट होतो. कढईत चांगला भाजून ठेवला तर थोडे जास्त दिवस टिकतो, पण डिसेंबरचा कोंडा जुलैत जनावर खाणार नाही, आणि खाल्ला तरी त्याचे पोट बिघडेल. धान मात्र टरफलाच्या आत सुरक्षित असतो. म्हणून साठवायचा तो धान, कोंडा नव्हे. जून-जुलैपासून दर महिन्याला एक क्विंटल धान भरडला तर घराला महिन्याचा तांदूळ मिळतो आणि ५ ते ८ किलो ताजा कोंडा मिळतो. आपली गरज तीन महिन्यांत १७ किलोंची आहे. हिशेब बरोबर बसतो. कनकीही त्याच धानातून येते. ती थोडी कमी पडली तर परसातला मका भरडून घालावा.

इथे काही भगिनी मनात म्हणत असतील, "भाऊ, तीन क्विंटल धान ठेवायचा म्हणजे सात हजार रुपये हातचे सोडायचे." बरोबर आहे. २०२५-२६ च्या हमीभावाने तीन क्विंटलचे ७,१०७ रुपये होतात. ज्या घरावर सोसायटीचे कर्ज आहे, किंवा ज्या घराचा सगळा धानच सात-आठ क्विंटल आहे, त्या घराला मी धान ठेवा असे सांगणार नाही. त्या घराने विकावा आणि कर्ज फेडावे. पण ज्या घरी वीस क्विंटल धान होतो आणि पाच-सहा माणसे खाणारी आहेत, ते घर ऑगस्टात रेशन पुरले नाही म्हणून दुकानातून तांदूळ विकत घेते. त्या घराने तीन क्विंटल ठेवला तर तो पैसा बुडत नाही. दोन क्विंटल तांदूळ घरातच खाल्ला जातो, आणि वरचा कोंडा आणि कनकी बकरीला मिळते.

दुसरी अडचण गिरणीची. गावातल्या जुन्या हुलरमध्ये टरफल आणि कोंडा एकत्रच बाहेर पडतात. त्या मिसळीत भुसाच जास्त, ती फार घातली तर बकरीचे पोट भरते पण अंगी लागत नाही. रबरी रोलरच्या छोट्या मिनी राईस मिलमध्ये दोन्ही वेगळे निघतात. अशी गिरणी बचत गटाला घ्यायची असेल तर प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत ३५ टक्के अनुदान मिळते, कमाल १० लाख रुपयांपर्यंत. बाकीचे कर्ज असते आणि ते फेडावे लागते, हेही लक्षात ठेवा. चार-पाच गावे मिळून एक गिरणी चालवणार असतील, रोज धान येणार असेल, वीज नियमित असेल, तरच पुढे जा. एका गावाच्या जोरावर गिरणी चालत नाही. तोवर हुलरचा कोंडा बारीक चाळणीने चाळून घ्या. वर राहील तो भुसा बाजूला काढा आणि खाली पडेल तोच खुराकात घाला.

ढेप आणि खनिज मिश्रण सर्वांनी एकत्र आणावे. एकेकट्या बाईने पाच किलो ढेप किरकोळ घेतली तर तिला सगळ्यात महाग पडते. वीस घरांची ढेप मे महिन्यात, पाऊस पडण्याआधी, एकदम आणली तर गाडीभाडे वाटले जाते आणि माल कोरडा मिळतो. आणताना मूठभर ढेप फोडून पाहा. आत पांढरी-हिरवी बुरशी, कुबट वास, ओलसरपणा असेल तर पोते परत करा. बुरशीचे विष डोळ्यांना दिसत नाही आणि उकळूनही जात नाही. पोती जमिनीवर ठेवू नका, लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवा.

तयार पशुखाद्याचे पोते घेणार असाल तर पोत्यावर काय लिहिले आहे ते घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्या. दुभत्या जनावरांच्या खाद्यासाठी भारतीय मानक आयएस २०५२ आहे. त्यात पहिल्या प्रकारच्या खाद्यात किमान २२ टक्के आणि दुसऱ्या प्रकारात किमान २० टक्के प्रथिने सांगितली आहेत, आणि ओलावा ११ टक्क्यांहून जास्त नको. ज्या पोत्यावर टक्केवारीच नाही, नुसते गाईचे चित्र आहे, त्या पोत्याची किंमत कितीही कमी असो, ते स्वस्त नसते.

आणखी दोन सूचना. कनकी जनावराला आवडते म्हणून एकदम जास्त घालू नका, पोटात आम्ल होऊन जनावर दगावू शकते. रोज थोडे थोडे वाढवत न्या. आणि कोंड्यात स्फुरद जास्त आणि कॅल्शियम कमी असते, त्यामुळे नुसत्या कोंड्यावर ठेवलेल्या बोकडाला मुतखडा होतो आणि त्याची लघवी अडते. म्हणून खनिज मिश्रण हा चैनीचा खर्च समजू नका, आणि पाणी भरपूर पाजा. सरकीची ढेप कोंबड्यांना घालू नका. त्यांना कनकी, मका आणि अंगणातले किडे-मुंग्या बऱ्या.

मंडळीतल्या बंधू-भगिनींनो, अनुवादाच्या पुस्तकात खळ्यावर मळणी करणाऱ्या बैलाविषयी एक छोटा नियम आहे, आपण तो अनेकदा ऐकला आहे. जो धान्यावरून फिरतो त्याला त्यातले खायला मोकळीक असावी, असा त्याचा भाव. आपण त्यावर बहुधा सेवकांच्या पगाराविषयी प्रवचन ऐकतो. पण तो नियम मुळात जनावराच्या तोंडाविषयी आहे. खळ्यावरचे जनावर उपाशी ठेवून धान्य सगळेच्या सगळे घराबाहेर जाऊ नये, एवढी काळजी त्या जुन्या काळी घेतली गेली. आज खळे गावात राहिले नाही, ते गोंदियाच्या गिरणीत गेले. पण ती काळजी आपल्यावर आहे.

म्हणून आपल्याकडे माझी मागणी साधी आहे. जो कोणी एक बकरी देईल, त्याने तिच्याबरोबर तिच्या पहिल्या पावसाळ्याचाही विचार करावा. मघाच्या हिशेबाने एका बकरीमागे तीन महिन्यांची ४ किलो ढेप आणि पाव किलोहून थोडे जास्त खनिज मिश्रण होते. बकरीच्या किमतीपुढे हा खर्च फार लहान आहे. हे पैसे आम्ही घरोघरी वाटणार नाही. ते गटाकडे फिरत्या निधीत राहतील. मे महिन्यात त्यातून सगळ्या गटाची ढेप येईल, आणि धान विकल्यावर डिसेंबरात प्रत्येक घर आपल्या ढेपेचे पैसे निधीत परत भरेल, म्हणजे पुढच्या मेमध्ये पुन्हा तेच पैसे कामी येतील. वही गटाच्या भगिनी लिहितील, आणि ती वर्षातून एकदा आपल्यासमोर उघडली जाईल.

ज्यांना पैसे देणे जमत नाही त्यांच्यासाठीही काम आहे. आपल्यात कोणी किराणा किंवा धान्याचा व्यापार करत असेल तर अकोल्याचा ढेपेचा भाव दर आठवड्याला आमच्या गटांच्या फोनवर कळवा. कोणी निवृत्त पशुवैद्यक असेल तर मे महिन्यात एक दिवस आमच्याबरोबर या, ढेप तपासायला आणि जंतनाशक पाजायला. कोणाकडे झाकणाचे रिकामे ड्रम असतील तर तेही आणा, मात्र त्यांत आधी रसायन किंवा कीटकनाशक भरलेले नसावे.

आणि इथे बसलेल्या भगिनींनो, तुमच्यासाठी एकच काम. या हंगामात धान केंद्रावर नेण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसा. कर्ज किती, खाणारी माणसे किती, बकऱ्या किती, हे तिन्ही मोजा. मग किती पोती विकायची आणि किती ठेवायची ते ठरवा. हा निर्णय बहुतेक घरांत आजवर एकटा पुरुष काट्यावर उभा राहून घेत आला, आणि बकरी पाहणारी बाई घरी असते. यंदा तिलाही विचारा.

देव आपणा सर्वांचे भले करो. सलाम.